लोणारचें पाणी आणि खारपाणाची विहीर

प्राथमिक शाळेच्या खालच्या इयत्तेंत मुलांना एक पाठ असतो. सजीव कोणते व निर्जीव कोणते, हें त्यांत ओळखावयाचें असतें. गाय, चिमणी, आंब्याचें झाड हीं एका बाजूस. दगड, माती, पाणी, वारा, ऊन हीं दुसऱ्या बाजूस. मुलें ही यादी चटकन् पाठ करतात. पुढें वर्षानुवर्षें आम्ही शिक्षक सजीवांचेंच वर्णन करीत राहतों. दगड, माती व पाणी यांचें काम त्या पहिल्या पाठांतच संपून जातें. मींहि नोकरीचीं बरींच वर्षें हेंच केलें. जें हालत नाहीं, वाढत नाहीं, त्याला निसर्गाच्या कारभारांत कांहीं अधिकार असेल, असें माझ्या मनांतहि आलें नव्हतें. ही माझी चूक एका विद्यार्थ्याच्या प्रश्नानें माझ्या पदरांत पडली. तो प्रश्न, व त्याचें मला फार उशिरा मिळालेलें उत्तर, हीं आज आपणांपुढें ठेवण्याचा माझा विचार आहे.

प्रश्न समजण्यासाठीं आधीं आमच्या मुलखाची थोडी ओळख हवी. बुलढाणा जिल्ह्यांतील माणूस आपल्या जिल्ह्याचे दोन भाग करतो : घाटावरचा व घाटाखालचा. अजिंठ्याच्या डोंगराची रांग जिल्ह्याच्या मधून गेली आहे. तिच्या माथ्यावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा हा मुलूख आहे. तिच्या उत्तरेस, पूर्णा नदीच्या खोऱ्यांत, मलकापूर, नांदुरा, शेगांव, जळगांव जामोद, संग्रामपूर हा मुलूख आहे. अंतर फार नाहीं. पण वैशाखांत मलकापुराहून निघालेल्या माणसास घाट चढून बुलढाण्यास पोंचतांच अंगावरच्या वाऱ्यांतला फरक कळतो. पाऊसहि तसाच. माथ्यावर पडलेला एक थेंब उत्तरेकडे घरंगळला तर नळगंगा किंवा ज्ञानगंगा यांतून तो पूर्णेस मिळतो व पूर्णेंतून तापीच्या वाटेनें अरबी समुद्रास जातो. त्याच्या शेजारीं पडलेला दुसरा थेंब दक्षिणेकडे वळला तर पैनगंगा, वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा दूरचा प्रवास करून तो बंगालच्या उपसागरास जातो. दोघांचें ढगांतलें घर एकच. वाट मात्र जमिनीच्या उतारानें ठरविली. उतार ही तर शुद्ध निर्जीव गोष्ट! परंतु कोणत्या गांवास पाणी मिळावें, कोणत्या रानांत कोणतें झाड वाढावें, याचा पहिला निवाडा तोच करतो.

माझी शाळा घाटाखालीं होती. पूर्णेच्या दोन्ही तीरांस अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून खाऱ्या पाण्याचा एक पट्टा पसरलेला आहे. त्यास आमच्याकडे खारपाण म्हणतात. जमीन काळीभोर, पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरेल अशी. पण विहीर खणली कीं पाणी खारट. त्या पाण्यांत तुरीची डाळ शिजतां शिजत नाहीं, साबणास फेस येत नाहीं, आणि बाहेरचा पाहुणा पहिल्या घोटालाच तांब्या खालीं ठेवतो. गोड्या पाण्यासाठीं कोसभर पायपीट करणाऱ्या बायका मीं पाहिल्या आहेत. पुढें वाण नदीवरील धरणाचें पाणी नळानें पुष्कळ गांवांस मिळूं लागलें, तेव्हां त्या कष्टांस उतार पडला.

अशा गांवांतील मुलांना घेऊन एका हिवाळ्यांत आम्ही घाट चढून लोणारास सहलीस गेलों होतों. लोणारचें सरोवर ज्यांनीं पाहिलें नसेल त्यांनीं एक प्रचंड परळ डोळ्यांपुढें आणावा. सपाट शेतांतून चालतां चालतां जमीन एकाएकी संपते आणि पायांखालीं गोल, खोल दरी उघडते. तिच्या कांठांमधलें अंतर सुमारे १,८०० मीटर आहे आणि कांठापासून तळापर्यंतची खोली सुमारे १५० मीटर. तळाशीं हिरवट पाणी. आम्ही धारेच्या बाजूनें खालीं उतरलों. पाण्याजवळ जातांच कुजलेल्या अंड्यासारखा वास येऊं लागला. मुलांनीं नाकें दाबलीं. कांठाच्या चिखलावर पांढरी साय धरली होती आणि बारीक माशा घोळक्यांनीं उडत होत्या. तेवढ्यांत एका मुलानें विचारलें, "गुर्जी, या पान्यात मासोया काऊन नाहीत?"

मीं सांगितलें, "पाणी खारें आहे म्हणून."

मुलगा क्षणभर थांबला व म्हणाला, "पन गुर्जी, आमच्या इहिरीचं पानीबी खारंच आहे. तिच्यात तं मासोया आहेत. माह्या आज्यानं सोडल्या व्हत्या."

बाकीचीं मुलें हसलीं. मजजवळ उत्तर नव्हतें. "पुढें चला, उशीर होतो आहे," असें म्हणून मीं ती वेळ निभावून नेली. श्रोतेहो, शिक्षकाच्या आयुष्यांत असे प्रसंग पुष्कळ येतात आणि बहुतेक विसरले जातात. हा मात्र विसरला गेला नाहीं. मुलाचा प्रश्न बिनतोड होता. चूक होती ती माझ्या उत्तरांत. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. रसायनशास्त्राची ओळख तेवढीच. तेव्हां ग्रंथालयांतून, हायस्कुलांतील विज्ञानाच्या शिक्षकांकडून व सरोवराचा अभ्यास करणाऱ्यांच्या लेखांतून जें थोडें थोडें समजत गेलें, तें जुळवीत बसलों. त्यांतून जें हातीं आलें तें असें :

हें सरोवर प्रथम झालें कसें? आमच्या भागांतील लोकांस लवणासुराची कथा ठाऊक आहे. या विवरांत तो दैत्य राहत असे, विष्णूनें त्याचा वध केला, आणि त्या दैत्याच्या नांवावरून लोणार हें नांव पडलें. गांवांतील दैत्यसूदनाचें सुंदर शिल्पांचें देऊळ त्याच कथेची आठवण देतें. कथेनें एक गोष्ट अचूक पकडली आहे : या स्थळाच्या मुळाशीं लवण आहे, आणि येथें कांहीं तरी भयंकर घडलें आहे. १८२३ सालीं अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें हें विवर पाहिलें. त्यानंतर दीर्घ काळ विद्वान लोक तें ज्वालामुखीचें तोंड समजत. परंतु येथील खडकांत असें द्रव्य सांपडलें कीं, तें केवळ अतिप्रचंड आघातानेंच उत्पन्न होतें. खडकांतील स्फटिकांची न वितळतां कांच झालेली आहे. १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानंतर, आकाशांतून आलेल्या अशनीच्या आघातानें हें विवर झालें, हें मत दृढ झालें. तें केव्हां, याविषयीं मात्र एकमत नाहीं. एका पद्धतीनें सुमारे ५२ हजार वर्षें निघतात, तर पुढें झालेल्या दुसऱ्या मोजणीनें सुमारे ५ लाख ७० हजार वर्षें. आपल्या विषयास कोणताहि आंकडा चालेल. ज्या काळ्या खडकांत हा खड्डा पडला, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्ह्याच्या रसापासून झालेला दख्खनचा खडक आहे, आणि आघातानें त्यांत जो खड्डा पडला त्यास बाहेर जाण्याची वाट नाहीं, एवढ्या दोनच गोष्टी आपण लक्षांत ठेवूं.

आतां पाण्याचा हिशेब पाहूं. विवरांत पाणी दोन वाटांनीं येतें : पावसानें व झऱ्यांनीं. बाहेर जाण्यास नदी नाहीं, ओढा नाहीं. जातें तें मुख्यतः उन्हानें, वाफ होऊन. या भागांत ऊन व वारा मिळून वर्षभरांत जेवढें पाणी उडवूं शकतात, तेवढा पाऊस पडत नाहीं. पाणी उडून जातें. परंतु येतांना त्यानें खडकांतून व मातींतून जे क्षार विरघळवून आणले ते उडत नाहींत. घरीं मिठाचें पाणी कढईंत आटविलें तर शेवटीं कढईस काय राहतें, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. लोणारची कढई हजारों वर्षें उन्हावर आहे.

पण एवढ्यानें माझ्या विद्यार्थ्याचें समाधान झालें नसतें. त्याची विहीरहि खारीच होती. आणि समुद्र तर खाराच. त्यांत माशांस तोटा नाहीं. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. लोणारच्या पाण्यांतील क्षार पाऊसपाण्याच्या मानानें कमीजास्त होतात, व पुष्कळदां समुद्रापेक्षां कमीच भरतात. तरी समुद्रांत देवमासा राहतो व येथें बोटभर मासोळी नाहीं! तेव्हां 'खारें' या एका शब्दांत आपण दोन निराळ्या वस्तु कोंबल्या होत्या, हेंच माझ्या चुकीचें मूळ होतें.

स्वयंपाकघरांत त्या दोन वस्तु दोन डब्यांत असतात. एका डब्यांत मीठ, दुसऱ्यांत पापडखार. दोन्ही पांढरे, दोन्ही पाण्यांत विरघळणारे. परंतु मिठाचें पाणी हातास लागलें तर कांहीं होत नाहीं, आणि धुण्याच्या सोड्याचें पाणी लागलें तर हात बुळबुळीत होतो व कांहीं वेळानें कातडी चुरचुरूं लागते. सोड्याच्या या गुणास अल्कता म्हणतात. ती मोजण्याची एक पट्टी शास्त्रज्ञांनीं केली आहे. तिच्या मापास 'सामू' असें नांव आहे. शुद्ध पाणी तिच्यावर ७ या अंकावर असतें. समुद्राचें पाणी ८ च्या जवळपास येतें. लोणारचें पाणी पुष्कळ वर्षें १० च्या आसपास, कधीं साडेदहापर्यंत मोजलें गेलें आहे. आठ व दहा यांत अंतर तें किती, असें ऐकणाऱ्यास वाटेल. परंतु या पट्टीवर एक अंक चढला कीं अल्कता दसपट होते. म्हणजे दोन अंकांचें अंतर हें शंभरपटीचें अंतर आहे.

हा सोडा आला कोठून? त्याच काळ्या खडकांतून. पावसाचें पाणी हवेंतील व मातींतील कार्बन वायु घेऊन खडकावर काम करतें, त्यास हळूहळू झिजवितें आणि त्यांतील चुना व सोडियम हीं द्रव्यें बाहेर काढतें. पाणी आटूं लागलें कीं चुना प्रथम तळाशीं बसतो; सोडियम मात्र पाण्यांतच राहतें आणि त्याच कार्बन वायूशीं जोडी जमवून सोडा बनतें. लोणारच्या पाण्यांत नेहमींचें मीठ आहेच. पण त्याच्या जोडीस हा सोडा आहे, आणि तोच खरा धनी आहे. आपल्या पूर्वजांस याची उत्तम माहिती होती. अकबराच्या काळच्या 'ऐन-इ-अकबरी' या ग्रंथांत, कांच व साबण करण्याचें द्रव्य लोणारास मिळतें, असा उल्लेख आहे. पाणी ओसरल्यावर कांठावर जमणाऱ्या क्षारांस येथील लोकांनीं दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशीं निरनिराळीं नांवें दिलीं होतीं. 'सर्व खारें एकच' असें त्यांनीं मानलें नव्हतें. तें मानणारा मीच.

आतां माशाकडे वळूं. मासा पाण्यांत श्वास घेतो तो कल्ल्यांनीं. आणि शरीरांत तयार होणारा अमोनिया हा विषारी पदार्थहि तो बहुतांशीं कल्ल्यांतूनच पाण्यांत सोडतो. पाणी फार अल्क झालें कीं हा अमोनिया बाहेर पडेनासा होतो आणि माशाच्या रक्तांत सांचत जातो. घरांत अन्न आहे, हवा आहे. पण मोरी तुंबली आहे, अशी त्याची स्थिति होते. खारपाणाच्या विहिरींत मीठ आहे, पण ही अडचण नाहीं. म्हणून आजोबांच्या मासोळ्या तेथें सुखानें राहिल्या. आफ्रिकेंतील केनिया देशांत मगाडी नांवाचें असेंच सोड्याचें सरोवर आहे. तेथें मात्र तिलापियाच्या कुळांतील एक लहान मासा राहतो. त्यानें अमोनियाची वाट बंद झालेली पाहून दुसरी वाट काढली : तो अमोनियाचा युरिया करून बाहेर टाकतो. त्याच्या वंशास हें साधण्यास किती पिढ्या लागल्या असतील! निर्जीव परिस्थिति अट घालते. सजीवांपैकीं ज्यास ती पाळतां येते तो राहतो, ज्यास येत नाहीं तो दुसरीकडे जातो किंवा संपतो. अटीशीं वाद घालण्याची सोय नाहीं.

मासा नाहीं म्हणजे लोणारचें पाणी मृत आहे, असें मात्र कोणीं समजूं नये. ज्या हिरव्या रंगाकडे मुलें पाहत होतीं, तो रंगच सजीवांचा होता. स्पिरुलिना या नांवानें जी प्रसिद्ध आहे, ती अतिसूक्ष्म नीलहरित वनस्पति अशा सोड्याच्या पाण्यांतच माजते. दुसऱ्यास जें विष, तें तिला शेत आहे. तेथें तिच्याशीं चढाओढ करणारे थोडे आणि तिला खाणारे मासे नाहींत. तिच्यावर जगणारे रोहित पक्षी या सरोवरावर येतात. कांठावरच्या माशा टिपण्यास दुसरे पक्षी येतात. अशी तेथील अन्नसाखळी फार आंखूड, पण तिच्या जागीं भक्कम आहे.

पाण्याकडून वर चढूं लागलें म्हणजे हाच धडा जमिनीवर लिहिलेला दिसतो. कांठालगतच्या खारवट मातींत मोजक्याच वनस्पति टिकतात. थोडें वर गेलें कीं निंब, सीताफळ, पळस, साग असें रान लागतें. त्यांत मोर, वानरें, घोरपडी आहेत. आणि विवराच्या कडेजवळ धारेचा झरा आहे. त्याचें पाणी गोड. भाविक तेथें स्नान करतात. धारेपासून तळ्यापर्यंतचें अंतर चालण्यास अर्धा तासहि लागत नाहीं. तेवढ्यांत ऊन तेंच, पाऊस तोच, वारा तोच. बदलतो तो फक्त मातींतला व पाण्यांतला क्षार. आणि त्या एका बदलाबरोबर सगळी प्रजा बदलते. एखाद्या शास्त्रज्ञानें प्रयोगासाठीं मुद्दाम मांडामांड करावी, तशी ही रचना निसर्गानें आमच्या जिल्ह्यांत करून ठेविली आहे.

या प्रयोगांतील एक प्रकरण तर साऱ्या जगानें पाहिलें. २०२० च्या जून महिन्यांत सरोवराचें पाणी एकाएकी गुलाबी झालें. लोकांनीं नाना तर्क केले. कोणास त्यांत अशुभ दिसलें. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें पाण्याची तपासणी केली, तेव्हां तो रंग मिठांत राहणाऱ्या सूक्ष्म जीवांचा असल्याचें आढळलें. उन्हाळ्यानें पाणी आटून पातळी खालीं गेली होती, क्षारांचें प्रमाण चढलें होतें, आणि त्यामुळें एरवीं मागें असलेल्या या जीवांचें फावलें होतें. त्यांच्या शरीरांतच तांबूस रंगद्रव्य असतें. पुढें पाऊस येऊन पाणी वाढलें, क्षार पातळ झाला आणि रंग ओसरला. नवा जीव कोठून आला नव्हता; होता तोच पुढें आला व पुन्हां मागें गेला. त्यास पुढें बोलाविलें ऊन या निर्जीवानें, आणि मागें सारलें पाऊस या निर्जीवानें.

येथवर लोणारचें झालें. पण उत्तर मिळाल्यावर माझें लक्ष आपोआप पुन्हां घाटाखालीं, त्या मुलाच्या विहिरीकडे गेलें. तिचें पाणी खारें कां? तेथें तर अशनी पडली नाहीं. पूर्णेच्या खोऱ्यांत नद्यांनीं आणलेला गाळ कांहीं ठिकाणीं शेकडों मीटर जाडीचा आहे. त्या चिकण मातींतून पाण्याचा निचरा फार सावकाश होतो. पाणी येतें, मुरतें, पण सुखासुखीं पुढें जात नाहीं. क्षार मागें राहतो. म्हणजे विवर नसलें तरी हिशेब तोच! जेथें पाणी येतें पण जात नाहीं, तेथें क्षार सांचतो. लोणारास हा नियम उघड्या परळांत दिसतो; खारपाणांत तो जमिनीच्या पोटांत लपलेला आहे, एवढेंच.

आणि येथें या विषयाचा संबंध थेट आमच्या पोटापाण्याशीं येतो. खारपाणांतील शेतकऱ्यानें विहिरीचें पाणी पिकास दिलें तर पीक एखाद्या वेळीं तरेल, पण जमीन चोपण होते : ओली असतां लोण्यासारखी चिकट, वाळली कीं दगडासारखी. म्हणून विहीर भरलेली असून तो आभाळाकडे पाहतो आणि कापूस, तूर, ज्वारी पावसावरच काढतो. तेंच पाणी पिऊन मूत्रपिंडाचे विकार वाढतात अशी तक्रार त्या गांवांतून वर्षानुवर्षें ऐकूं येते. उलट बाजूस, जेथें पूर्वीं क्षार नव्हता तेथें माणसानें तो आपल्या हातानें आणल्याचीं उदाहरणें आहेत. सांगली-कोल्हापूरकडे कृष्णाकांठच्या उत्तम जमिनींत उंसास वर्षानुवर्षें बेसुमार पाणी दिलें गेलें. निचरा राहिला नाहीं, आणि पुष्कळ जमीन खारवट होऊन पडीक पडली. आतां तेथें जमिनीखालून सच्छिद्र नळ घालून पाण्यास वाट करून द्यावी लागते आहे. पाणी मिळणें हें भाग्य खरें. पण पाण्यानें आणलेला क्षार कोठें जाणार, हा प्रश्न न विचारतां पाणी देणें हें अर्धवट शहाणपण होय.

लोणारास तर आपण उलट्या दिशेनें चूक करीत आहों. सरोवराची राखण करण्यासाठीं २००० सालीं त्यास अभयारण्य करण्यांत आलें. २०२० च्या नोव्हेंबरांत रामसर कराराखालीं जगांतील महत्त्वाच्या पाणथळ जागांत त्याची गणना झाली. झाडें तोडूं नयेत, पशुपक्षी मारूं नयेत, हें सर्वांस पटतें, कारण तीं सजीव आहेत. परंतु कांठावरच्या वस्तीचें सांडपाणी उताराने खालीं येतें, साबणाचा फेस त्याबरोबर येतो, बाहेरचें गोडें पाणी जास्त येऊन क्षार पातळ होऊं शकतो. तेव्हां कोणाचा जीव कळवळत नाहीं. "पाण्यांत पाणी मिसळलें, त्यांत काय बिघडलें?" असें म्हणणारे लोक मीं पाहिले आहेत. श्रोतेहो, बिघडतें तें हेंच! लोणारचें लोणारपण त्याच्या झाडांत किंवा पक्ष्यांत नाहीं. झाडें व पक्षी अन्यत्रहि आहेत. तें आहे त्या १० अंकांत. तो अंक खालीं आला कीं स्पिरुलिना मागें हटेल, तिच्यावर जगणारे रोहित पक्षी पाठ फिरवतील, आणि एक दिवस साधारण तळ्यांतले साधारण मासे तेथें पोहूं लागतील. उद्या लोणारच्या पाण्यांत मासा मजेंत फिरतांना दिसला, तर भोळा माणूस म्हणेल, 'चला, पाणी सुधारलें!' वस्तुतः तें सरोवर संपल्याचें चिन्ह असेल. ज्याला आपण दोष समजत होतों, तीच त्याची प्रकृति होती.

तात्पर्य काढावयाचें तर तें एवढेंच कीं, खारेपणा हा स्वतः चांगलाहि नाहीं व वाईटहि नाहीं. खारपाणांत तो शेतकऱ्याचा वैरी आहे. लोणारांत तो एका अपूर्व जीवसृष्टीचा आधार आहे. ऊन, उतार, खडक, माती, पाणी, क्षार हीं सृष्टीच्या नाटकाच्या मागें टांगलेला नुसता पडदा नव्हेत. पात्रें कोणतीं यावींत व कोणतीं जावींत हें तींच ठरवितात. सजीवांचें रक्षण करावयाचें असेल तर प्रथम या मुक्या मंडळींची विचारपूस केली पाहिजे : पाणी कोठून येतें, कोठें जातें, जातांना काय मागें ठेवतें. एवढे तीन प्रश्न आपल्या गांवच्या तळ्यास, विहिरीस व शेतास ज्यानें विचारले, त्यानें निसर्गशास्त्राचा पहिला धडा घेतला असें मी म्हणेन. शिक्षकबंधूंस माझी विनंति आहे कीं, सजीव-निर्जीवांच्या पाठांत दुसरी यादी पाठ करवून तेथेंच थांबूं नये. मुलांना विहिरीवर न्यावें, दोन विहिरींचें पाणी चाखवावें, आणि फरक कां, हें विचारावें. उत्तर आलें नाहीं तर 'मलाहि ठाऊक नाहीं' असें म्हणावें. तें मीं त्या दिवशीं म्हटलें असतें तर फार बरें झालें असतें.

तो विद्यार्थी पुढें आपल्या वडिलांची शेती पाहूं लागला. निवृत्त झाल्यानंतर एकदां शेगांवच्या बाजारांत त्याची गांठ पडली. चहा घेतां घेतां मीं त्यास सहलीची आठवण दिली, माझें उत्तर चुकलें होतें हें कबूल केलें, आणि आतां आपणांस सांगितलें तें सर्व त्यास सांगितलें. मासोळ्यांचा प्रश्न तो साफ विसरून गेला होता. परंतु सोडा, निचरा, सांचणारा क्षार हें सारें त्यानें मन लावून ऐकलें. मग कपबशी खालीं ठेवून म्हणाला, "म्हनजे गुर्जी, पान्याले जायाले वाट पाह्यजे."

इतकीं वर्षें खटपट करून मला जें समजलें होतें, तें त्यानें एका वाक्यांत सांगितलें. पुढल्याच हंगामांत त्यानें शेताच्या उताराच्या बाजूनें चर खणून घेतला, आणि पावसाचें गोडें पाणी विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून वेगळें राहावें म्हणून तळाशीं कागद अंथरून एक शेततळें केलें. मीं तें जाऊन पाहिलें. तळ्यांत त्यानें मासोळ्या सोडल्या होत्या.